शासनपद्धतींचा तोल कसा साधायचा: फ्रीसिव्हचा पहिला रूलसेट बनवणाऱ्यांसाठी

फ्रीसिव्हसारख्या साम्राज्य उभारण्याच्या संगणक-गेमसाठी स्वतःचा रूलसेट, म्हणजे नियमांचा संच, बनवायला बसलेला नवा माणूस बहुतेक वेळा आधी एक तक्ता काढतो. डाव्या बाजूला शासनपद्धती, उजव्या बाजूला फायदे-तोटे. राजेशाहीला तीन फायदे, तीन तोटे. प्रजासत्ताकाला तीन फायदे, तीन तोटे. लोकशाहीला जरा जास्त, कारण ती उशिरा येते. तक्ता सुबक दिसतो. खेळायला घेतला की मात्र सगळे एकाच पद्धतीकडे धावतात आणि शेवटपर्यंत तिथेच ठाण मांडतात.

याचं कारण तोटे मोजण्यात नसतं, ते कोणाला लागतात यात असतं. समजा, प्रजासत्ताकाचा फायदा व्यापारात आहे आणि तोटा परमुलखात सैन्य पाठवल्यावर होणाऱ्या नाराजीत. जो खेळाडू परमुलखात सैन्य पाठवणारच नाही, त्याच्यासाठी तो तोटा फक्त कागदावर आहे. त्याला व्यापार फुकटात मिळाला. म्हणून या लेखात एकच कसोटी पुन्हा पुन्हा लावू: जो फायदा घेतोय, किंमतही त्याच्याच खिशातून जातेय का?

उदाहरणासाठी फ्रीसिव्ह घेतला आहे. १९९५ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा मुक्त स्रोत गेम. गेम डिझायनर सिड मायरच्या १९९१ च्या सिव्हिलायझेशन या गेमचा वारसा त्यात सरळ दिसतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे याचे नियम प्रोग्रॅमच्या पोटात दडलेले नाहीत, साध्या टेक्स्ट फायलींमध्ये आहेत. नोटपॅडसारख्या कुठल्याही एडिटरमध्ये उघडा आणि आकडा बदला. इथले सगळे आकडे 'क्लासिक' या रूलसेटचे आहेत. दुसरा गेम असला तरी हिशेबाची रीत तीच राहते.

आधी तयारी

क्लासिकचं फोल्डर कॉपी करून त्याला नवं नाव द्या. मूळ फोल्डरला हात लावू नका, कारण पुढे तुलना त्याच्याशीच करायची आहे. फोल्डरमध्ये बऱ्याच फायली दिसतील, पण सध्या दोनच लागतात. गव्हर्नमेंट्सच्या फायलीत शासनपद्धतींची नावं, त्या कुठल्या शोधानंतर मिळतात ती अट आणि मदतीचा मजकूर असतो. खरा मालमसाला इफेक्ट्सच्या फायलीत असतो. तिथली प्रत्येक नोंद तीन गोष्टी सांगते: परिणाम कसला, किती, आणि कुठल्या अटींवर. "हुकूमशाही असेल तर कराच्या दराची कमाल मर्यादा ६०" ही अशीच एक नोंद.

यात नवख्यांना एक गोष्ट हमखास नडते. एकाच प्रकारच्या नोंदींची बेरीज होते. जुनी नोंद तशीच ठेवून खाली नवी लिहिली तर नवी जुनीची जागा घेत नाही, तिच्यात मिळवली जाते. म्हणून आकडा बदलायचा असेल तर जुनी नोंद शोधून तिथेच बदला. हाताने लिहायचा कंटाळा असेल तर फ्रीसिव्हसोबत रूलएडिट नावाचं साधन येतं. पण पहिल्यांदा तरी फाईल स्वतः वाचून काढा. कुठे काय आहे हे डोक्यात बसतं.

पहिली पायरी: एक शहर घ्या आणि हिशेब मांडा

तोल साधायचा म्हणजे सगळं एका नाण्यात मोजता आलं पाहिजे. या गेमांमध्ये ते नाणं बहुतेक वेळा व्यापार असतं, कारण त्याच्यातूनच कर, संशोधन आणि लक्झरी (नागरिकांना खुश ठेवण्यावरचा खर्च) निघतात.

किनाऱ्यावरचं पाच लोकसंख्येचं शहर घ्या. मधली टाइल (नकाशावरचा चौकोन) धरून सहा टाइल चालू आहेत: मधली गवताळ आणि रस्त्याची, तीन समुद्राच्या आणि दोन रस्ता केलेल्या गवताळ. समुद्राची टाइल २ व्यापार देते, रस्त्याची गवताळ टाइल १. म्हणजे १ अधिक ६ अधिक २, एकूण ९. भ्रष्टाचारात वाया जाणारा व्यापार सध्या बाजूला ठेवू.

राजेशाहीत हे ९ च राहतात. प्रजासत्ताकात ज्या टाइलवर आधीच किमान १ व्यापार आहे, तिला आणखी १ मिळतो. आपल्या सहाही टाइल या अटीत बसतात, म्हणून ९ चे थेट १५ होतात. दिसायला 'अधिक एक', प्रत्यक्षात दोन-तृतीयांश वाढ! रूलसेट लिहिताना डोळे फसतात ते इथेच. टाइलवरचा आकडा छोटा दिसतो, पण तो टाइलागणिक वाजतो.

आता किंमत बघू. प्रजासत्ताकात आक्रमक ठिकाणी (परमुलखात, लढाईवर) असलेलं प्रत्येक युनिट, म्हणजे सैन्याची तुकडी, आपल्या मूळ शहरात (ज्या शहराच्या नावावर ते नोंदलेलं आहे तिथे) एक नागरिक नाराज करतं, लोकशाहीत दोन. एका नाराजाला तोलायला एक नागरिक एका पायरीने खुश करावा लागतो आणि त्याला २ लक्झरी लागतात. म्हणजे प्रजासत्ताकात बाहेर गेलेलं एक युनिट म्हणजे २ व्यापाराचा खड्डा. दोन युनिट पाठवली तर १५ वजा ४, उरले ११. तरी राजेशाहीच्या ९ पेक्षा जास्तच. तीन पाठवली की दोघी बरोबरीत. म्हणजे या शहराने दोन-दोन युनिट लढाईला पाठवली तरीही प्रजासत्ताक पुढेच! लढाऊ खेळाडूला राजेशाहीकडे ओढण्यासाठी ठेवलेली किंमत या शहराला पुरेशी लागतच नाही.

व्यापाराबाहेरही थोडं बघावं लागतं. राजेशाहीत प्रत्येक शहराला तीन युनिटचा सांभाळ फुकट मिळतो, प्रजासत्ताकात प्रत्येक युनिटमागे एक शिल्ड (शहराच्या उत्पादनाचं एकक) जातो. शिवाय राजेशाहीत शहरात बसलेली युनिट मार्शल लॉ लावतात, एकेक नागरिक शांत होतो, तीन युनिटपर्यंत. त्यामुळे शिल्डच्या बाजूने राजेशाहीचं पारडं थोडं जड होतं. पण सहा व्यापाराची भरपाई तेवढ्याने होत नाही.

तेच शहर आता जमिनीवर आतमध्ये नेऊ. समुद्राच्या तीन टाइलऐवजी तीन जंगलाच्या, ज्यांचा व्यापार शून्य. मूळ व्यापार ३, प्रजासत्ताकात ६. जंगलाला काहीच मिळत नाही, कारण "आधी १ हवा" ही अट. एक युनिट बाहेर गेलं की उरले ४, दोन गेली की २, म्हणजे राजेशाहीच्या ३ पेक्षा कमी. समुद्रकाठी जो तराजू तीन युनिटांवर बरोबरीत येतो, तो आत जमिनीवर दुसऱ्याच युनिटला उलटतो. म्हणून "माझा रूलसेट बॅलन्स्ड आहे" असं कोणी म्हणालं की आधी विचारावं, बेटांच्या नकाशावर की एकसंध खंडावर?

दुसरी पायरी: किंमत कुठून गळते ते शोधा

वरचा हिशेब सरळमार्गी खेळाडूचा झाला. खेळाडू सरळमार्गी नसतात.

लक्झरीचा दर सगळ्या देशाला एकच असतो. एका शहराची तीन युनिट बाहेर असली आणि त्यासाठी दर ४० टक्के केला, तर जिथून एकही सैनिक गेला नाही त्या शहरांचाही तेवढा व्यापार लक्झरीत जातो. एकट्या शहराच्या हिशेबात हे दिसत नाही, म्हणून किंमत वाटते त्यापेक्षा बरीच जड पडते. हे डिझायनरच्या बाजूचं झालं. खेळाडूच्या बाजूचं असं, की तो नाराजी एकाच शहरात गोळा करतो. शेक्सपिअरचं नाट्यगृह नावाचं एक वंडर (एकदाच बांधता येणारी खास वास्तू) आहे, ते आपल्या शहरातल्या सगळ्या नाराज नागरिकांना शांत करतं. अख्ख्या फौजेचं मूळ शहर तेच ठेवलं की लोकशाहीचा 'दोन नाराज' हा नियम त्या फौजेपुरता संपला. उरते ती शिल्डची मर्यादा. पोलीस ठाणंही हेच काम लहान प्रमाणात करतं: प्रजासत्ताकात एक, लोकशाहीत दोन नाराज कमी.

ही वाट बंदच करावी असं नाही. वंडर बांधायला खर्च येतो, शहर नीट निवडावं लागतं, आणि शत्रूने तेच शहर घेतलं तर फौज उघड्यावर पडते. ही चांगली रणनीती आहे. पण तुमच्या रूलसेटमध्ये ते वंडर स्वस्त केलं असेल किंवा लवकर मिळत असेल, तर लोकशाहीची किंमत तुम्हीच मागच्या दाराने माफ केली आहे. म्हणून प्रत्येक शासनपद्धतीच्या तोट्यापुढे एक ओळ लिहून ठेवा: हा तोटा कुठली इमारत, कुठलं वंडर, कुठलं युनिट पुसून टाकतं? ओळ रिकामी राहिली तर तोटा फार कडक असण्याची शक्यता आहे. चार नावं आली तर तो तोटा नावापुरताच आहे.

आणखी एक मोठी गळती म्हणजे उत्सव. क्लासिकमध्ये तीन किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरात निम्मे तरी लोक खुश असले आणि नाराज कोणी नसला, की शहर उत्सव करतं. प्रजासत्ताक आणि लोकशाहीत उत्सव करणारं शहर अन्नसाठा भरायची वाट न बघता टर्नमागे (दर खेळीमागे) एकाने वाढतं. व्यापार जास्त म्हणून लक्झरी जास्त, लक्झरी जास्त म्हणून उत्सव, उत्सव म्हणून लोक वाढले, लोक वाढले म्हणून व्यापार आणखी. असं चक्र ज्या पद्धतीत आहे, तिच्यासमोर बाकीच्यांचे ठरावीक टक्क्यांचे फायदे टिकत नाहीत. फ्रीसिव्हच्याच सिव्हटूसिव्हथ्री या रूलसेटमध्ये ही उत्सवी वाढ बंद आहे. नव्या माणसाने माझ्या मते तिथूनच सुरुवात करावी: आधी चक्र तोडावं, मग आकड्यांशी खेळावं.

तिसरी पायरी: बदलाची किंमत, म्हणजे अराजक

पद्धत बदलताना मध्ये काही टर्न अराजकात जातात. सर्व्हरमध्ये, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, याची कमाल ठरवता येते. मूळ सेटिंगमध्ये ती पाच आहे आणि नेमके किती टर्न ते नशिबावर. अराजकात सगळा व्यापार सक्तीने लक्झरीत जातो. कर नाही, संशोधन नाही.

आपल्या किनाऱ्याच्या शहराचाच आकडा घ्या. अराजकाच्या प्रत्येक टर्नला ९ गेले. प्रजासत्ताक आल्यावर दर टर्नला ६ जास्त. म्हणजे अराजकाचा एक टर्न दीड टर्नात वसूल. पाच टर्न अराजक झालं तरी आठव्या टर्नाला नफा सुरू. शहरं दोन असोत वा वीस, तोटा आणि नफा दोन्ही त्याच पटीत वाढतात, म्हणून हे गुणोत्तर बदलत नाही. शेकडो टर्नच्या खेळात आठ टर्न म्हणजे काहीच नाही. तेव्हा अराजक लांबवून प्रजासत्ताकाकडची धाव थांबेल या भ्रमात राहू नका.

तेच अराजक प्रजासत्ताकाकडून लोकशाहीकडे जाताना मात्र खरंच अडवतं. लोकशाहीलाही टाइलमागे तोच अधिक एक मिळतो, म्हणजे त्या बाबतीत नवं काही हाती लागत नाही. भ्रष्टाचार बाजूला ठेवला तर मुख्य फायदा उरतो कराच्या ८० ऐवजी ९० टक्के मर्यादेचा आणि तुमची युनिट किंवा शहरं शत्रूला लाच देऊन फोडता येत नाहीत याचा. त्यासाठी १५ व्यापाराचे टर्न जाळायचे, आणि वर एखादं शहर दोन टर्नांपेक्षा जास्त अशांत राहिलं की देश पुन्हा अराजकात! बरेच खेळाडू प्रजासत्ताकातच का राहतात ते यावरून कळतं. शेवटच्या टप्प्यातली पद्धत उठून दिसायला हवी असेल तर तिला मागच्या पद्धतीपेक्षा वेगळ्या जातीचा फायदा द्या. त्याच फायद्याचा मोठा डोस देऊन भागत नाही.

अराजक टाळणारं वंडरही असतं, क्लासिकमध्ये स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. तो असलेला खेळाडू युद्धापुरता साम्यवादात जातो आणि युद्ध संपलं की परत येतो. मला हे आवडतं, पण मग प्रत्येक पद्धतीचा तोल 'तात्पुरता मुक्काम' म्हणूनही तपासावा लागतो.

चौथी पायरी: वेळ

हे थोडक्यात, कारण इथला उपाय सोपा आहे. क्लासिकमध्ये राजेशाहीपर्यंत पोचायला चार शोध लागतात: वर्णमाला, कायदेसंहिता, अंत्यविधी आणि राजेशाही. प्रजासत्ताकाला पाच: वर्णमाला, कायदेसंहिता, लेखन, साक्षरता आणि प्रजासत्ताक. फरक फक्त एका शोधाचा. एवढ्यासाठी मध्ये राजेशाहीत उतरून अराजक दोनदा सोसायला कोण तयार होईल? राजेशाहीला आयुष्य द्यायचं असेल तर प्रजासत्ताकाला आणखी एक-दोन शोधांची अट लावा. टेक्नॉलॉजीच्या फायलीत एका ओळीचं काम आहे आणि बाकी कुठल्याही आकड्याला हात लागत नाही.

उलट बाजूही बघा. हुकूमशाहीत २ पेक्षा जास्त देणाऱ्या टाइलचा १ कापला जातो. सिंचन केलेली गवताळ टाइल ३ अन्न देते, तिचे पुन्हा २ होतात. म्हणजे सिंचनाची मेहनत वाया. खेळाडूला हुकूमशाहीतून लवकर बाहेर ढकलण्यासाठी हे उत्तम आहे. पण तुमच्या रूलसेटमध्ये पुढची पद्धत उशिरा येत असेल, तर तेवढा काळ कामगारांनी काय करायचं हे आधी ठरवा, नाहीतर खेळाची पहिली पन्नास टर्न नुसती रटाळ होतात.

पाचवी पायरी: आकडा कुठला हलवायचा

प्रजासत्ताक जड झालं आहे हे दिसलं, आता काय? पहिला विचार येतो अधिक एक कमी करण्याचा. पण १ च्या खाली शून्यच. इथे अर्धा नाही. म्हणून तीन वाटा आहेत.

एक, अट लावा. अधिक एक फक्त जमिनीच्या टाइलवर ठेवला तर किनाऱ्याच्या शहराचे १५ ऐवजी १२ होतात आणि आतल्या शहराचे ६ तसेच राहतात. बेट आणि खंड यांच्यातली दरी यानेच सगळ्यात जास्त बुजते. दोन, टाइलचा फायदा काढून शहराच्या एकूण व्यापारावर टक्केवारी द्या. ५० टक्के दिले तर ९ चे १३ होतात, उरलेला अर्धा बुडतो. टक्केवारीचा गुण असा की ती पाच-पाचने हलवता येते. दोष असा की लहान शहरात ती पूर्णांकाच्या खाली गडप होते. तीन, फायदा तसाच ठेवून किंमत घरी बसणाऱ्यालाही लागेल अशी बनवा.

माझं मत तिसऱ्या वाटेला. फ्रीसिव्हमध्ये त्यासाठी हत्यार तयार आहे: साम्राज्याचा आकार. शहरांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की प्रत्येक शहरात एक नागरिक जास्त नाराज जन्माला येतो, आणि ती मर्यादा व पुढच्या पायऱ्या शासनपद्धतीनुसार वेगळ्या ठेवता येतात. प्रजासत्ताकाची मर्यादा खाली आणा, राजेशाही आणि साम्यवादाची वर न्या. आता व्यापारी खेळाडूपुढे खरा प्रश्न उभा राहतो: थोडी शहरं आणि श्रीमंती, की पसारा आणि राजा? शांततेत बसलेल्यालाही किंमत मोजावी लागते, आणि लढून शहरं जिंकणाऱ्याला राजेशाहीचं कारण सापडतं.

साम्यवादाला वेगळं काही करायची गरज सहसा पडत नाही. मार्शल लॉ युनिटमागे दोन नागरिक शांत करतो आणि मर्यादा तीन युनिटांचीच, म्हणजे एका शहरात सहा माणसं नुसत्या पहाऱ्यावर गप्प. मोठ्या, जिंकलेल्या, विखुरलेल्या साम्राज्याचं उत्तर म्हणून ती आपल्या जागी बसते.

सहावी पायरी: चाचणी

एका वेळी एकच आकडा. हा नियम सगळे वाचतात आणि दुसऱ्याच दिवशी मोडतात.

फ्रीसिव्हचा सर्व्हर एकटाच खेळू शकतो. सगळ्या जागा संगणक खेळाडूंनी भरा, टाइमआउट (टर्नची वेळमर्यादा) उणे एक करा, शेवटचा टर्न ठरवा आणि स्कोअरलॉग (दर टर्नाची नोंद ठेवणारी फाईल) चालू ठेवा. टर्न सपाट्याने पळतात. नकाशाचं बीज (ज्या आकड्यावरून नकाशा तयार होतो तो) दोन्ही वेळी तेच ठेवा, म्हणजे जुना आणि नवा रूलसेट एकाच भूमीवर तपासला जाईल. मग बेटांच्या नकाशावर तेच पुन्हा करा. लॉगमध्ये कोण जिंकलं हे बघण्यात फार अर्थ नाही. कुठली पद्धत कितव्या टर्नाला स्वीकारली आणि किती टर्न टिकली, हे बघा. सगळे देश साठाव्या टर्नाला एकाच पद्धतीत असतील तर तोल नाही. कोणीच एखाद्या पद्धतीत गेला नसेल तर आधी ती वाईट आहे असं समजू नका. तिच्याकडे जाणारा शोधच कोणी घेतला नव्हता का, ते तपासा.

संगणक खेळाडूची मर्यादाही लक्षात असू द्या. तो हिशेबाने पद्धत निवडतो, पण अख्खी फौज एका नाट्यगृहाच्या शहरात नोंदवण्यासारखी पळवाट शोधून ती पिळून काढणं हे माणसाचं काम. म्हणून शेवटी दोन-तीन माणसं हवीतच, आणि त्यांच्यात एक तरी असा असावा ज्याला नियमांच्या फटी शोधायला आवडतात. त्याला काय बदललंय ते सांगू नका. खेळ झाल्यावर फक्त विचारा: "पद्धत बदलायचं कधी मनात आलं आणि का नाही बदललीस?" "गरजच पडली नाही" असं उत्तर आलं तर किंमत लागत नाहीये. "परवडलं नसतं" असं आलं तर अराजक किंवा साम्राज्याची मर्यादा जास्त कडक झाली आहे.

आकडे पक्के झाले की गव्हर्नमेंट्सच्या फायलीतला मदतीचा मजकूर उघडा. इफेक्ट्सची फाईल बदलली म्हणून तिथली हाताने लिहिलेली वाक्यं आपोआप बदलत नाहीत. "सर्व टाइलवर अधिक एक व्यापार" असं तिथे राहून गेलं आणि तुम्ही तो फक्त जमिनीवर ठेवला असेल, तर पहिल्याच खेळात कोणीतरी किनाऱ्यावर राजधानी वसवेल आणि ४० टर्नांनंतर तुम्हाला जाब विचारेल.